बीपी पडलंय, मानेची शीर फुगलीय, छाती साफ आहे: आरव्हीला सलाइन द्यायचं की नाही?

रामदासपेठ_आयसीयू
मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की कॅज्युअल्टीत बीपी ८० चा पेशंट दिसला रे दिसला, दोन बाटल्या सलाइन धावते. उन्हाने सुकलेल्या माणसाला ते बरोबरच आहे. पण त्याच गर्दीत उजव्या व्हेंट्रिकलचे, म्हणजे आरव्हीचे पेशंट मिसळलेले असतात. त्यांच्यातल्या एका गटाला सलाइनने जीव येतो आणि दुसऱ्याला त्याच सलाइनने अरेस्ट येतो. दोघांची मानेची शीर फुगलेली, दोघांची छाती साफ. फरक कसा ओळखायचा यावर हा धागा. आधी हा कप्पा बांधलाय कसा ते येऊ द्या, मग औषधं.

आणि कुणी पेशंट किंवा नातेवाईक वाचत असतील तर यातले डोस घरी वापरायचे नाहीत. हे मॉनिटर लावलेल्या खाटेवरचं बोलणं आहे.

डिसेक्शन_हॉल
चित्रात आरव्ही उजवीकडे दाखवतात म्हणून पोरांना ते छातीच्या उजव्या बाजूला असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते सगळ्यात पुढे आहे, उरोस्थीच्या लगेच मागे. समोरून लागलेला चाकू हृदयापर्यंत गेला तर सगळ्यात जास्त वेळा हाच कप्पा फाटतो.

आडवा काप घेतला तर डावं व्हेंट्रिकल गोल दिसतं आणि आरव्ही त्याला चंद्रकोरीसारखं बिलगलेलं. भिंत ३ ते ५ मिमी, डावीची ८ ते ११. वजन डाव्याच्या साधारण एक षष्ठांश. आतली जागा मात्र डाव्यापेक्षा किंचित जास्तच. दोन्ही बाजूंनी ठोक्याला रक्त तेवढंच जातं, म्हणून आरव्हीचं इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या रक्तातला दर ठोक्याला बाहेर जाणारा वाटा, मुळातच कमी असतं; ४५ टक्क्यांच्या वर असलं की नॉर्मल. डाव्याचे आकडे इथे लावू नका.

हृदय उघडताना रक्ताच्या वाटेनं जायचं. उजव्या कर्णिकेतून ट्रायकस्पिड झडपेच्या पलीकडे, उजव्या कडेने टोकापर्यंत, आणि तिथून दोन व्हेंट्रिकलांमधल्या पडद्याला लागून वर फुफ्फुसधमनीकडे. असं उघडलं की तीन भाग आपोआप कळतात: झडपेखालचा आत येण्याचा भाग, टोकाकडचा जाडजूड मांसल दोऱ्यांचा भाग आणि वरचा गुळगुळीत इन्फंडिब्युलम. येणारी आणि जाणारी वाट यांच्यामध्ये स्नायूची एक कमान आहे, क्रिस्टा सुप्राव्हेंट्रिक्युलॅरिस. त्यामुळे ट्रायकस्पिड आणि पल्मनरी झडपा एकमेकींना चिकटत नाहीत. डावीकडे मायट्रल आणि एओर्टिक चिकटलेल्या असतात. जन्मजात दोषांत उलटसुलट जागी बसलेलं व्हेंट्रिकल कुठलं हे ठरवायला ही खूण मदत करते. बाकीच्या खुणा म्हणजे पडद्यावरून थेट निघणाऱ्या कॉर्डी (झडपेची पानं धरून ठेवणारे दोरे), मॉडरेटर बँड, आणि ट्रायकस्पिडचं सेप्टल पान मायट्रलपेक्षा थोडं खाली, टोकाच्या बाजूला लागलेलं असणं. हे अंतर दर चौरस मीटर अंगाला ८ मिमी किंवा त्याहून जास्त झालं की एब्स्टाइन हा जन्मजात दोष.

मॉडरेटर बँडचं नाव पोरं पाठ करतात, काम विसरतात. पडद्यापासून पुढच्या पॅपिलरी स्नायूपर्यंत जाणारा हा पट्टा राइट बंडल ब्रँच, म्हणजे ठोक्याच्या विजेची उजवी तार, वाहून नेतो. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, टोकाशी आडवा दिसला की त्याला गुठळी म्हणून बसू नका.

रात्रपाळी_रेसिडेंट
सर, एवढं व्हायवाला चालतं. बीपीशी याचा संबंध काय?

डिसेक्शन_हॉल
सगळा संबंध आहे बाप्पा, थांब जरा. आरव्हीच्या भिंतीत वरचा थर आडवा आणि आतला थर उभा. उभ्या थराचं काम जास्त, म्हणून आरव्ही मुख्यतः झडपेची कडा टोकाकडे ओढून रक्त ढकलतं. त्याला भिंत आत येण्याची जोड, आणि पडद्याच्या स्नायूचा हात. हा पडदा डाव्याबरोबर सामाईक आहे. आरव्हीच्या कामातला २० ते ४० टक्के वाटा डाव्या बाजूच्या आकुंचनातून येतो. डावं उपाशी राहिलं की उजवंही ढेपाळतं.

रक्तपुरवठा बहुतेक उजव्या कोरोनरीचा. इन्फंडिब्युलमला कोनस शाखा, बाजूच्या भिंतीला अक्यूट मार्जिनल, मागच्या भागाला पोस्टेरियर डिसेंडिंग. मॉडरेटर बँडला मात्र एलएडीची, म्हणजे डाव्या कोरोनरीच्या पुढच्या फांदीची, सेप्टल शाखा येते, आणि पुढच्या भिंतीची पडद्यालगतची पट्टीही एलएडीकडे. म्हणून उजवी कोरोनरी तोंडाशी बंद झाली तरी आरव्ही अख्खं मरत नाही.

भूल_दुसरा_मजला
इथून मी घेतो. आरव्हीसमोरचा फुफ्फुसाचा प्रतिकार शरीराच्या प्रतिकाराच्या साधारण दहावा हिस्सा. आरव्हीत २५ वर ० ते ५, फुफ्फुसधमनीत २५ वर १० मिमी एचजी. एवढ्या कमी दाबावर काम असल्यामुळे पातळ भिंत पुरते. आकारमान वाढलं तर ती ताणून घेते. कर्णिकांमधलं भोक असलेले लोक चाळिशीपर्यंत धडधाकट फिरतात ते यामुळेच. दाब अचानक वाढला तर मात्र ती तासाभरात हात टेकते. भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. जाडी कमी आणि त्रिज्या वाढलेली, म्हणजे ताण दोन्हीकडून चढतो.

आता सलाइनचा मुद्दा. हृदयाभोवतीची पेरिकार्डियमची पिशवी पटकन ताणत नाही. आरव्ही फुगलं तर त्याला जागा फक्त पडदा डावीकडे ढकलूनच मिळते. डावं चपटं होतं, भरत नाही, बीपी पडतं. त्यावर आपण सलाइन दिलं की आरव्ही आणखी फुगतं आणि डावं आणखी चपटं होतं.

दुसरी गोष्ट कोरोनरीची. डाव्या व्हेंट्रिकलला रक्त मुख्यतः डायस्टोलमध्ये, म्हणजे हृदय सैल असताना मिळतं. आरव्हीला निरोगी अवस्थेत सिस्टोलमध्येही, म्हणजे आकुंचनातही मिळतं, कारण आतला दाब २५ आणि एओर्टात १२०. आरव्हीचा दाब ७० झाला आणि बीपी ८० वर आलं की हा सिस्टोलमधला पुरवठा जवळजवळ बंद. स्नायू उपाशी, आकुंचन ढिलं, बीपी आणखी खाली. हे चक्र तोडायला आधी एओर्टाचा दाब वर न्यावा लागतो. म्हणून बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलीन लवकर सुरू करा, ०.०५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटापासून. ‘आधी दोन लिटर भरू, मग बघू’ हा क्रम इथे चालत नाही.

रात्रपाळी_रेसिडेंट
मग इन्फिरियर एमआयला, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकला, पुस्तकात सलाइन का लिहिलंय?

रामदासपेठ_आयसीयू
कारण तिथे बिघाड दाबाचा नसून स्नायूचा आहे. पुढे फुफ्फुसाचा प्रतिकार नॉर्मल. मार खाल्लेल्या आरव्हीला मागून थोडा रेटा मिळाला तर रक्त पुढे सरकतं. हा रेटा काढून घेतला की सगळं कोसळतं. जिभेखाली सॉर्बिट्रेट, मॉर्फिन, फ्युरोसेमाइड या तिन्ही गोष्टी तेच करतात. छातीत दुखतंय म्हणून सवयीने सॉर्बिट्रेट ठेवली आणि पाच मिनिटांत बीपी ६०, ही गोष्ट आधी ईसीजीची एक उजवी लीड काढली तर टळते. दिवसभर उन्हात काम केलेला माणूस असेल तर रेटा आधीच कमी, पडझड आणखी लवकर.

ईसीजीत लीड २, ३, एव्हीएफ मध्ये एसटी वर दिसली की व्ही४आर काढायचीच. व्ही४ ची वायर उचलायची आणि उजव्या बाजूला पाचव्या बरगडीखालच्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यरेषेवर लावायची. अर्धा मिमी एसटी वर असली तरी पुरे, तिशीच्या आतल्या पुरुषात १ मिमी. आणि कागदावर पेनने व्ही४ खोडून व्ही४आर लिहा, वेळ टाका. मशीन व्ही४ च छापतं, पुढच्या शिफ्टचा डॉक्टर ते डावीकडचं समजून वाचतो. ही खूण टिकत नाही, बऱ्याच जणांत दहा तासांच्या आत एसटी खाली येते. म्हणून ‘सकाळी राउंडला काढू’ असं चालत नाही.

साध्या बारा लीडमध्येही इशारा असतो: लीड ३ ची एसटी लीड २ पेक्षा उंच, आणि जोडीला व्ही१ मध्येही वर.

मग सलाइन २५० मिली, दहा-पंधरा मिनिटांत. बीपी बघा, मान बघा, छाती ऐका. सुधारलं तर पुन्हा २५०. एकूण एक लिटरपर्यंत जायला हरकत नाही. तेवढ्यात बीपी उठलं नाही तर हृदयाचं आकुंचन वाढवणारं डोब्युटामिन किंवा नॉरअ‍ॅड्रेनलीन.

इको_मावशी
लिटर जास्त वाटतोय. दुसऱ्या २५० नंतर प्रोब ठेवा ना. आरव्ही डाव्यापेक्षा मोठं दिसायला लागलं, पडदा चपटा व्हायला लागला, तर तिथेच थांबायचं. लिटर पूर्ण करायचा नवस बोललाय का?

रामदासपेठ_आयसीयू
मावशी, प्रोब हाताशी असेल तर मान्य, शंभर टक्के. रात्री दोनला तालुक्याच्या ठिकाणी प्रोब नसतो, तिथे मानेची शीर आणि बीपी यांवरच चालवावं लागतं. पण मान आधीच जबड्यापर्यंत फुगलेली असेल तर पहिले २५० सुद्धा विचार करून.

एक राहिलं. या पेशंटमध्ये हार्ट ब्लॉक आणि एएफ (कर्णिकांची अनियमित थरथर) वारंवार येतात, आणि आरव्ही कडक झालेलं असल्यामुळे कर्णिकेच्या ढकलण्यावर फार अवलंबून असतं. एएफ आला आणि बीपी पडलं तर औषधाची वाट न पाहता शॉक. ब्लॉकला पेसिंग लागलं तर शक्यतो कर्णिका आणि व्हेंट्रिकल दोन्ही. आणि खरा उपचार बंद कोरोनरी उघडणं हाच. ती उघडल्यावर आरव्हीचा स्नायू छान सावरतो, डाव्यापेक्षा छान.

डिसेक्शन_हॉल
थोडं अवांतर. १९४३ साली स्टार आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आरव्हीची भिंत डागून पाहिली. शिरांचा दाब फारसा वाढला नाही. त्यावरून हा कप्पा म्हणजे नुसती वाट, अशी समजूत बसली. १९७१ मध्ये फोंतां यांनी तर आरव्ही वगळूनच रक्त फुफ्फुसाकडे वळवण्याचं ऑपरेशन छापलं, त्याने समजूत आणखी पक्की झाली. आरव्हीच्या इन्फार्क्टला स्वतंत्र आजार म्हणून मांडलं ते कोहन आणि मंडळींनी, १९७४ मध्ये. त्या कुत्र्यांची फुफ्फुसं निरोगी होती एवढीच त्यातली मेख.

इको_मावशी
आता माझं दुखणं. ‘आरव्ही नॉर्मल’ असे दोन शब्द लिहिलेले रिपोर्ट येतात, मोजमाप एक नाही. किमान एवढं मोजा.

नेहमीच्या चार कप्प्यांच्या दृश्यात आरव्ही तिरकं कापलं जातं आणि लहान दिसतं. प्रोब थोडा बाहेरच्या बाजूला सरकवा, डाव्याचं टोक मध्यभागी ठेवून आरव्हीचा तळ सगळ्यात रुंद दिसेपर्यंत. आता तळाची रुंदी मोजा. ४१ मिमीच्या वर म्हणजे मोठं. मग एम मोडची रेष ट्रायकस्पिडच्या बाहेरच्या कडेवरून न्या, कडा टोकाकडे किती सरकते ते टॅप्सी. १७ मिमीच्या खाली म्हणजे काम कमी. रेष तिरकी पडली की आकडा खोटा कमी येतो, हे बऱ्याच रिपोर्टांत दिसतं. टिश्यू डॉप्लरवर एस प्राइम ९.५ सेंमी प्रति सेकंदाच्या खाली, क्षेत्रफळातला बदल ३५ टक्क्यांच्या खाली, तेही त्याच बाजूला बोट दाखवतात. भिंतीची जाडी बरगडीखालच्या दृश्यात, डायस्टोलच्या शेवटी, आतले दोरे आणि बाहेरची चरबी सोडून. ५ मिमीच्या वर म्हणजे जाड.

एकट्या टॅप्सीवर जाऊ नका. बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशननंतर पेरिकार्डियम उघडल्यामुळे टॅप्सी खाली राहतो, आरव्ही बरं असलं तरी. उलट ट्रायकस्पिड फार गळत असेल तर कडा मजेत हलते आणि आकडा चांगला येतो, स्नायू मात्र थकलेला असतो.

दाबाचा हिशेब: ट्रायकस्पिडच्या गळतीचा वेग ३.२ मीटर प्रति सेकंद असेल तर ३.२ चा वर्ग १०.२४, गुणिले ४ म्हणजे ४१. त्यात उजव्या कर्णिकेचा दाब मिळवा. खालची महाशीर २१ मिमीच्या आत आणि नाकाने हुंगल्यावर निम्म्याहून जास्त मिटत असेल तर ३, रुंदही आणि मिटतही नसेल तर १५, मधल्यांना ८. मधलं ८ धरलं तर इथे ४९. पल्मनरी झडपच अरुंद असेल तर हा दाब आरव्हीचा, फुफ्फुसाचा नव्हे. गळती इतकी मोठी असेल की झडप मिटतच नाही, तर हिशेब कमी येतो.

पडद्याकडेही बघा. आडव्या कापात सिस्टोलमध्ये चपटा म्हणजे दाबाचा बोजा, फक्त डायस्टोलमध्ये चपटा म्हणजे आकारमानाचा. सलाइनचा निर्णय इथेच निम्मा होतो.

रात्रपाळी_रेसिडेंट
मावशी, फुफ्फुसात गुठळी ताजी की जुना आजार, हे इकोत कळतं का?

इको_मावशी
बऱ्यापैकी. पातळ भिंतीचं आरव्ही, ज्याला दाबाची सवय नाही, ते अचानक ५०-६० च्या वर सिस्टोलिक दाब काढूच शकत नाही. दाब ९० आणि भिंत ८ मिमी असेल तर ते महिन्यांचं काम आहे. ताज्या गुठळीत आरव्ही फुगलेलं, भिंत पातळ, बाहेरच्या भिंतीचा मधला भाग हलत नाही आणि टोक मात्र छान हलतं. ही मॅककॉनेलची खूण. पण आरव्हीच्या इन्फार्क्टमध्येही असं चित्र दिसू शकतं, तेव्हा ईसीजी शेजारी ठेवूनच बोला.

रामदासपेठ_आयसीयू
फुफ्फुसातल्या गुठळीच्या पेशंटला सलाइन फार तर ५०० मिली, तेही महाशीर मिटत असेल तरच. बीपी ९० च्या खाली टिकून असेल तर हेपरिनसोबत गुठळी विरघळवायचं औषध, अल्टेप्लेज १०० मिग्रॅ दोन तासांत, रक्तस्रावाचा धोका तपासून.

भूल_दुसरा_मजला
आणि ट्यूब टाकायची घाई करू नका. आरव्ही फेल झालेल्या पेशंटला ट्यूब टाकली आणि लगेच अरेस्ट, याची तीन कारणं असतात. झोपेच्या औषधाने शिरा ढिल्या. पॉझिटिव्ह प्रेशरने छातीत येणारं रक्त कमी आणि फुफ्फुसाचा प्रतिकार जास्त. शिवाय त्या मिनिटभरात ऑक्सिजन खाली आणि कार्बन डायऑक्साइड वर, म्हणजे फुफ्फुसाच्या नळ्या आवळल्या. टाकायचीच असेल तर नॉरअ‍ॅड्रेनलीन आधी चालू, केटामिन किंवा एटोमिडेट कमी डोसमध्ये, प्रोपोफोल नको. पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब, ५ ने सुरुवात. फुफ्फुस फार फुगवलं तरी प्रतिकार वाढतो आणि फार मिटलं तरी वाढतो. आकुंचन वाढवायला मिलरिनोन दिलं तर लोडिंग डोस वगळा, बीपी घालवतं.

सिकलसेल_ओपीडी
विदर्भात हा धागा सिकलसेलशिवाय पुरा होत नाही. क्रायसिस, म्हणजे या आजारातल्या दुखण्याचा झटका, आला की सलाइन, हे इथे हाडात मुरलंय. पण फुफ्फुसाचा दाब आधीच चढलेला असेल, किंवा छातीत अक्यूट चेस्ट सिंड्रोम सुरू असेल, तर तीन-चार लिटर ओतून आपणच आरव्ही फुगवतो आणि फुफ्फुस ओलं करतो. तोंडाने आणि शिरेतून मिळून रोजच्या गरजेएवढं, फार तर दीडपट. सुकलेला असेल तर आधी तेवढी तूट भरा, मग हात आखडा.

या मुलांचं हिमोग्लोबिन ७-८ असतं, हृदय जास्त रक्त फिरवतं, फुफ्फुसाचा प्रतिकार मुळात कमी. म्हणून इतरांना आपण २.८ च्या पुढे काळजी करतो, इथे गळतीचा वेग २.५ असला तरी कान टवकारायचे. मोठ्या माणसांत या आकड्याचा मृत्यूच्या धोक्याशी संबंध दिसलेला आहे. पण वेग क्रायसिसमध्ये मोजू नका, तेव्हा तो वर जातोच. दुखणं पूर्ण ओसरल्यावर मोजा. आणि २.५ म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन झालंच असं नाही. पक्कं निदान उजव्या बाजूच्या कॅथेटरनेच, सरासरी दाब २० च्या वर.

फुफ्फुसाचा दाब उतरवायला सिल्डेनाफिल परस्पर सुरू करू नका. सिकलसेलमधली त्याची चाचणी २००९ मध्ये मधेच थांबवावी लागली, गोळी घेणाऱ्यांत दुखण्याचे क्रायसिस वाढले म्हणून. रक्त चढवताना हिमोग्लोबिन १० च्या वर नेऊ नका, रक्त घट्ट होतं. आरव्ही फेल होत असेल तर एक्स्चेंज, म्हणजे पेशंटचं रक्त काढून दुसरं चढवणं.

रात्रपाळी_रेसिडेंट
आणि चुलीच्या धुराने, जुन्या टीबीने फुफ्फुस गेलेल्या आजी? पाय सुजलेले, मान फुगलेली, बीपी ९०?

रामदासपेठ_आयसीयू
तिथे सलाइन नकोच. आरव्ही जाड, फुगलेलं, पडदा डावीकडे. उलट फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ देऊन बीपी चढतं, कारण आरव्ही आटलं की डाव्याला जागा मिळते. पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. बीपी फारच खाली असेल तर आधी नॉरअ‍ॅड्रेनलीन, मग लघवी काढा. ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांवर ठेवा. स्थिर झाल्यावर धमनीतला ऑक्सिजन ५५ किंवा खाली असेल, वा आरव्ही बिघडलेलं असून ५९ पर्यंत असेल, तर घरी रोज किमान १५ तास कॉन्सन्ट्रेटर. चुलीपासून लांब, विडीपासूनही लांब, तो ऑक्सिजन आहे.

गडचिरोली_जीपी
आमच्याकडून नागपूर तीन तासांच्या वर. इन्फिरियर एमआय, व्ही४आर पॉझिटिव्ह, बीपी ८४, नाडी ४६. कॅथलॅब वेळेत होणार नाही. गाडी काढण्याआधी काय काय?

रामदासपेठ_आयसीयू
भाऊ, दोन तासांत कॅथलॅब होणार नसेल तर गुठळी विरघळवायचं औषध तुमच्याकडेच, मनाई नसेल तर. टेनेक्टेप्लेज वजनावर: ६० किलोच्या खाली ३० मिग्रॅ, ६० ते ६९ ला ३५, ७० ते ७९ ला ४०. पंचाहत्तरीच्या वर असेल तर निम्मा डोस. अ‍ॅस्पिरिन ३०० चावून, क्लोपिडोग्रेल ३००. पंचाहत्तरीच्या वर क्लोपिडोग्रेल ७५ च. नाडीसाठी अ‍ॅट्रोपिन १ मिग्रॅ. अँपूल ०.६ चं असेल तर दोन फोडून ठेवा. सलाइन २५०, मग मान बघून पुढचं. सॉर्बिट्रेट नाही, मॉर्फिन नाही. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतलंय का हे नातेवाइकांना बाजूला घेऊन विचारा, पुढच्या हॉस्पिटललाही कळवा.

गडचिरोली_जीपी
डोब्युटामिन आहे, पंप एकच आहे.

भूल_दुसरा_मजला
मग पंपावर नॉरअ‍ॅड्रेनलीन लावा, डोब्युटामिन नागपुरात लागेल तर लागेल. गाडीत ऑक्सिजन सिलिंडर भरलेला आहे ना ते काटा बघून घ्या, तोंडी विचारू नका. आणि व्ही४आर चा तो कागद पेशंटच्या फाइलला स्टेपल करून पाठवा, फोटोत वायर कुठे लावली ते कळत नाही.